उन्हाळ्याचा आराखडा दिवाळीत करा!

नवतपा म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. रोहिणी नक्षत्र लागलं की पुढचे नऊ दिवस कसे काढायचे, हे आई-आजीनं शिकवलेलंच असतं. माठाला ओलं फडकं, खिडकीला वाळ्याचा पडदा, बाहेर जाणाऱ्याच्या खिशात कांदा आणि घरी आल्यावर कैरीचं पन्हं. पण २०२४ च्या नवतप्यात अकोल्यात एक वेगळीच गोष्ट घडली. २५ ते ३१ मे या काळात जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क १४४ कलम लावलं. गावात ना दंगल होती, ना मोर्चा. होतं ते फक्त ऊन! पारा ४५ अंशांच्या वर गेलेला. कामगारांना मालकांनी पिण्याचं पाणी आणि सावली द्यावी, खासगी क्लासेस सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्यावेत, असा तो आदेश होता.

आदेश चांगलाच होता, त्याबद्दल दुमत नाही. ऊन हीसुद्धा आपत्ती आहे, तिची जबाबदारी कुणीतरी घ्यायची असते, हे त्या निमित्तानं कागदावर आलं. पण मैत्रिणींनो, त्यात कामाच्या ठिकाणची माणसं होती, क्लासमधली मुलं होती. घरातली बाई कुठे होती?

"दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका," असं दर उन्हाळ्यात सांगितलं जातं. हा सल्ला देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कुठलं घर असतं, कोण जाणे. कूलर लावलेलं, जाड भिंतींचं, वर माळा असलेलं घर असेल तर ठीक. पण दहा बाय बाराची खोली, वर टिनाचा पत्रा, खिडकी एकच, त्यातच चूल नाहीतर गॅस. दुपारी अशा घरात बसून पाहा. त्यापेक्षा बाहेर लिंबाच्या झाडाखाली बरं वाटतं. शिवाय पत्रा दिवसभर तापतो, सिमेंटच्या भिंती रात्री उशिरापर्यंत ती धग सोडत राहतात. मग झोप नाही. सकाळी नळ येण्याच्या वेळेला पुन्हा उठायचंच. आणि कूलर असला, तरी त्याच्या टाकीत पाणी कोण भरतं? पाणी भरताना विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

शेतातलं तर विचारूच नका. एप्रिल-मे म्हणजे शेतीला सुट्टी, असं शहरातल्या लोकांना वाटतं. पण पऱ्हाटी उपटणं, धसकटं वेचणं, काडीकचरा गोळा करून पेरणीसाठी वावर साफ करणं ही कामं याच दिवसांतली. वेचायची कामं बहुतेक बायांच्याच वाट्याला येतात. दर्यापूरकडच्या एका मजूर बाईला मी विचारलं, "सोबत पाणी नेता ना?" ती म्हणाली, "नेतो ना बाई. पण पानी पेलं का मंग आडोसा कोठी पाहाव?" वावरात ना झाड, ना झुडूप, आजूबाजूला माणसं. म्हणून बाई तहान मारते. मग उन्हाळी लागते, चक्कर येते, आणि डॉक्टरकडे जायचं म्हटलं की त्या दिवसाची मजुरी बुडते. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला तिला माहीत नाही, असं थोडंच आहे? तिला सल्ला नको आहे, आडोसा हवा आहे.

हवामान बदललं, लहरी झालं, हे आता सगळेच बोलतात. गावांनी, शहरांनी त्यासाठी तयार राहिलं पाहिजे, असंही म्हणतात. पण ही तयारी म्हणजे नेमकं काय? माझं म्हणणं साधं आहे. संकट दारात आल्यावर काढलेला आदेश म्हणजे तयारी नव्हे. तयारी म्हणजे संकटाआधी सहा महिने बसून केलेला आराखडा, त्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा आणि ते काम ज्याच्या गळ्यात आहे त्या माणसाचं नाव. आणि हा आराखडा घरातल्या, वावरातल्या बाईचा दिवस कसा जातो, हे विचारल्याशिवाय पुरा होत नाही.

हे काही अशक्य कोटीतलं नाही. आपल्या शेजारच्या गुजरातमध्येच झालंय. मे २०१० मध्ये अहमदाबाद उन्हानं होरपळलं. नंतर अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा त्या एका महिन्यात एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं. ही सगळी माणसं 'उष्माघात' अशी नोंद होऊन गेली नव्हती. कुणाचं हृदय थांबलं, कुणाचा जुना आजार बळावला. मोजल्यावर कळलं की खरं कारण ऊन होतं. मग तिथल्या महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. इतकी उष्णता झाली की लोकांना इशारा द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, पाणी कुठे ठेवायचं, कुणी कुणाला फोन करायचा, हे सगळं आधीच ठरलेलं. पुढे झोपडपट्ट्यांतली छतं पांढरी रंगवायलाही सुरुवात झाली. आपल्या विदर्भात नागपूरनं २०१६ मध्ये असा आराखडा केला. यात कुठलं मोठं यंत्र लागलं? आधी मोजणं आणि मग आधीच ठरवणं, एवढंच.

आता आपल्याकडे बघू. अकोला आणि अमरावती या दोन्ही महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होईपर्यंत तिथे प्रशासकांचाच कारभार होता. म्हणजे मे २०२४ मध्ये ते १४४ कलम लागलं, तेव्हा वॉर्डातल्या बाईनं जाऊन "आमच्या गल्लीत पाणी नाही, दवाखाना लांब आहे" असं जिला सांगावं, अशी नगरसेविकाच नव्हती! महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत बायकांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. पण निवडणूकच नसेल, तर राखीव जागा घेऊन करायचं काय? आता सभागृहं पुन्हा भरली आहेत. तेव्हा प्रश्न विचारायची हीच वेळ.

अकोल्याच्या मोर्णा नदीचंच उदाहरण घ्या. १३ जानेवारी २०१८ ला नदी स्वच्छ करायला सहा हजारांहून जास्त अकोलेकर काठावर उतरले. शंभरावर संस्था होत्या, कॉलेजची मुलं होती, बायाबापड्या होत्या. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं कौतुक केलं. ज्या मातीनं गाडगेबाबांच्या हाती खराटा दिला, तिला हे शोभणारंच होतं. पण जुलै २०२१ मध्ये एका रात्रीत अकोल्यात दोनशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला. वर्षभरात जेमतेम सातशे मिलिमीटरची सवय असलेलं आपलं शहर! मोर्णा फुगली आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. गहू, डाळ, मुलांची दप्तरं, रेशनकार्डं, सगळं चिखलात. श्रमदानानं जलकुंभी निघते, कचरा निघतो. पण पूररेषेच्या आत घरं बांधू द्यायची की नाही, नाले कुणी आणि कधी उपसायचे, रात्री पाणी वाढलं तर काठावरच्या बायांनी मुलांना घेऊन कुठल्या शाळेत जायचं, हे श्रमदानानं ठरत नाही. ते महापालिकेच्या आराखड्यातच ठरायला हवं. लोक हाक दिली की येतात, हे मोर्णेनं दाखवून दिलं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कुणाचे, हा खरा प्रश्न आहे.

गावाकडे जरा वेगळी तऱ्हा. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. सुमारे नऊशे गावं त्यात येतात. जमिनीखालचं पाणी खारं. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पिणाऱ्याच्या तब्येतीची काळजी वेगळीच. म्हणून पिण्याचं पाणी लांबून आणावं लागतं. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना वानचं, दर्यापूर-अंजनगावकडे शहानूरचं. दोन्ही धरणं सातपुड्याच्या कुशीतली. म्हणजे पठारावरच्या गावाची तहान डोंगर भागवतो. आणि त्या डोंगरात काय होतं? जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत गॅस्ट्रोची साथ आली. माणसं दगावली, कितीतरी जण आजारी पडले. बिल थकल्यानं पाणीपुरवठ्याची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचं दूषित पाणी पीत होते, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. योजना होती, नळ होता. पण बिल कोण भरणार, हे आराखड्यात नव्हतं. याला मी तयारी म्हणणार नाही.

या भागातल्या शेतीसाठी २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्यानं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांसोबत खारपाणपट्ट्यातली गावंही त्यात घेतली. गावागावात समित्या झाल्या, आराखडे झाले. शेततळी, ठिबक, फळबाग अशी चांगली कामं त्यात होती. पण अशा बहुतेक योजनांची वाट सातबाऱ्यावरून जाते, आणि आपल्याकडे किती बायांचं नाव सातबाऱ्यावर असतं? जिच्या नावावर वावर नाही, ती त्याच वावरात दिवसभर खपते. बदलत्या हवामानाचा मार तिलाही बसतो. मदतीच्या यादीत मात्र ती 'लाभार्थी' होत नाही.

मग करायचं काय? कायद्यानं आपल्या हाती एक जागा दिली आहे, ती म्हणजे महिला सभा. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. पुष्कळ गावांत ती रजिस्टरवर होते. घरोघरी रजिस्टर फिरतं, सह्या-अंगठे घेतले जातात आणि झाली सभा! 'आमचं गाव, आमचा विकास' हा ग्रामपंचायतीचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकाराला यायला लागतो. म्हणजे उन्हाळ्याचं बोलायचं ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. मे महिन्यात ओरडून काय उपयोग? तोवर पैसे सिमेंटच्या रस्त्यात आणि प्रवेशद्वाराच्या कमानीत गेलेले असतात.

"पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न हमखास येतो. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगानं तर गावांच्या निधीतला साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. पैसा कमी पडत असेल, पण मुळीच नाही असं नाही. आणि मी मागतेय ते तरी काय? टिनाच्या घरांची यादी करा आणि त्यांच्या छतांना पांढरा चुना द्या, खोली काही अंशांनी तरी थंड होते. दुपारी शाळेचा किंवा समाजमंदिराचा हॉल उघडा ठेवा, तिथे पंखा आणि माठ असू द्या. शिवारात दोन-तीन ठिकाणी आडोसा आणि सावली करा. पाणीयोजनेचं वीजबिल वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा. कुठल्या घरात एकटी म्हातारी, कुठल्या घरात गरोदर बाई आहे, हे आशाताईला तोंडपाठ असतं. उन्हाच्या दिवसांत त्यांच्याकडे चक्कर मारण्याचं काम तिच्यावर टाकायचं असेल, तर त्याचा वेगळा मोबदलाही आराखड्यातच लिहा. फुकटात नको.

काही जण म्हणतील, सगळं सरकारनंच करायचं का? पूर्वी लोकच पाणपोई घालायचे. हो, घालायचे, आजही घालतात, आणि घातलीच पाहिजे. तहानलेल्याला पाणी, हे तर गाडगेबाबांनीच आपल्याला शिकवलं. पण पाणपोई बाजारात असते, बसस्टँडवर असते. पत्र्याखाली भाकरी थापणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही. तिथपर्यंत पोचायचं, तर यादी लागते, निधी लागतो, दरवर्षी न चुकता काम करणारी व्यवस्था लागते. त्यासाठीच तर आपण ग्रामपंचायत आणि महापालिका निवडून देतो.

तेव्हा येत्या २ ऑक्टोबरच्या आधी महिला सभेचं रजिस्टर सहीसाठी दारात आलं, तर लगेच सही करू नका. सभा कुठे आहे आणि किती वाजता, ते विचारा. शेजारणीला सोबत घ्या आणि जा. शहरात असाल, तर आपल्या नगरसेविकेला गाठा आणि वॉर्डात टिनाची घरं किती, एवढंच विचारा. तिला आकडा सांगता आला नाही, तर दोघी मिळून मोजायला लागा. एका रविवारचं काम आहे.