‘डिग्री बदला’चा हट्ट सोडा, तुलना शिकवा

रत्नागिरीकडच्या मराठी शाळेतल्या नववीच्या मुलाला ‘डिग्रीज ऑफ कंपॅरिझन’ म्हणून दाखवायला सांगा. ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट, गुड, बेटर, बेस्ट’ हा तक्ता तो एका दमात म्हणेल. मग त्यालाच विचारा, तू उंच की तुझ्या बाकावरचा मित्र? इंग्रजीत सांग. तो अडखळतो, नाहीतर ‘ही इज मोअर टॉलर’ म्हणून मोकळा होतो. यात त्याचा काही दोष नाही. दोष आहे आपल्या शिकवण्याच्या रीतीचा.

या रीतीचे समर्थक म्हणतात, परीक्षेतला ‘डिग्री बदला’, म्हणजे तेच वाक्य दुसऱ्या डिग्रीत लिहा, हा हुकमी गुणांचा प्रश्न आहे आणि त्याने विचारालाही शिस्त लागते. शिस्तीच्या मुद्द्यात तथ्य आहे. ‘हापूस इज स्वीटर दॅन एनी मँगो’ असे लिहिले तर हापूस स्वतःपेक्षाही गोड ठरतो, म्हणून ‘एनी अदर मँगो’ लिहावे लागते. हे ज्याला उमगले, त्याला तर्काची गोडी लागली. पण याच सरावात उलटी शिकवणही मिळते. ‘राम इज ॲज टॉल ॲज शाम’ या वाक्याचे कंपॅरेटिव्ह रूप म्हणून ‘शाम इज नॉट टॉलर दॅन राम’ हे वाक्य घोकून घेतले जाते. पहिले वाक्य ऐकले की दोघे सारख्या उंचीचे वाटतात. दुसऱ्यात शाम बुटकाही असू शकतो. अर्थ सरकला तरी गुण मिळतात हे कळल्यावर मुलगा अर्थाकडे कशाला बघेल?

राहिली गुणांची काळजी. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. २०२४ साली त्याचा निकाल ९९.०१ टक्के लागला. इथली मुले परीक्षेत मागे पडतील ही भीती दाखवून जुनी रीत टिकवण्याचे कारण उरलेले नाही.

दुसरा पक्ष याच्या अगदी विरुद्ध टोकाचा. तो म्हणतो, व्याकरण शिकवूच नका; भाषा कानावर पडू द्या, आपोआप येईल. ज्या घरात आणि रस्त्यावर दिवसभर इंग्रजी बोलले जाते, तिथे हे खरे आहे. लांजा किंवा राजापूरच्या आतल्या गावातल्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडते ते मुख्यतः शाळेच्या एका तासात. त्याला नियम नाकारणे म्हणजे जवळची वाट माहीत असून त्याला लांबच्या वाटेने चालवणे.

मग करावे काय? सुरुवात मराठीतून करावी. मराठीत विशेषणाचे रूप तुलनेसाठी बदलत नाही: मोठा, त्यापेक्षा मोठा, सर्वांत मोठा. ‘अधिक उंच’ हेही आपल्याकडे शुद्धच. म्हणून ‘उंच’साठी ‘टॉलर’ शिकलेला मुलगा ‘अधिक’साठी आणखी ‘मोअर’ जोडतो. ‘टॉलेस्ट’च्या आधीचा ‘द’ त्याच्याकडून सुटतो, कारण मराठीत तसे उपपद नाही. चुकीचे मूळ असे उघड करून दाखवले की चूक सुटते; नुसती लाल रेघ ओढल्याने सुटत नाही. इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

त्यानंतर मुलांपुढे खरी तुलना ठेवावी. बागायतदाराच्या घरातल्या मुलाला पेटीचा हिशेब पाठ असतो. चार डझनाच्या पेटीतले आंबे सहा डझनाच्या पेटीतल्यांपेक्षा मोठे. त्यालाच म्हणू द्या: ‘द मँगोज इन धिस बॉक्स आर बिगर दॅन दोज इन दॅट बॉक्स’. ‘पेटीतल्यांपेक्षा’ मधले आंबे इंग्रजीत ‘दोज’ने सांगावे लागतात, हे त्याला तिथल्या तिथे पटते. एक पायरी पुढे जा. जितका आंबा मोठा, तितके पेटीत नग कमी: ‘द बिगर द मँगोज, द फ्युअर इन द बॉक्स’. मराठीतली जितका-तितकाची जोडी इंग्रजीत दोन ‘द’ लावून अशी उभी राहते. बाग नसलेल्या मुलाला रत्नागिरीहून पावस जवळ की गणपतीपुळे, हे सांगता येईल.

नियम मग मोजकेच लागतात. एका सिलेबलच्या (शब्दावयवाच्या) शब्दाला ‘अर’ आणि ‘एस्ट’, ‘बिग’सारख्या शब्दात शेवटचे अक्षर दुप्पट, ‘हॅपी’सारख्या शब्दात शेवटच्या ‘वाय’चा ‘आय’, लांब शब्दांआधी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’, आणि एकाच शब्दाला ‘अर’ आणि ‘मोअर’ दोन्ही कधीच नाहीत. ‘गुड’, ‘बॅड’, ‘लिट्ल’ यांची रूपे पाठच करावी लागतात, ती खुशाल पाठ करून घ्यावीत. पाठांतराला माझा विरोध नाही. अर्थ बाजूला सारून केलेल्या पाठांतराला आहे.

ज्याला डोळ्यांसमोरच्या दोन वस्तूंची तुलना इंग्रजीत करता येते, त्याला परीक्षेतले वाक्य बदलणे जड जात नाही. नुसते वाक्य बदलायला शिकलेल्याला मात्र तुलना करता येईलच असे नाही. म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना कळकळीची विनंती: हा धडा पुढच्या वेळी घ्याल तेव्हा गाईड मिटून ठेवा, दोन खऱ्या वस्तू टेबलावर मांडा आणि आधी मुलांना बोलू द्या.