खलनायकाचे दिवाळे

दुष्टपणालाही जमाखर्च असतो, हे आपल्या कथाकारांनी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. रावणाची लंका सोन्याची. तिचा ताळेबंद कोणी मागितला नाही. अमेरिकेत २०२१ च्या मे महिन्यात ‘हुलू’ या प्रसारणसेवेवर आलेल्या ‘मोडॉक’ या प्रौढांसाठीच्या विनोदी ॲनिमेशन मालिकेने मात्र तो मागितला.

मोडॉक म्हणजे अवाढव्य डोके, चिमुकले हातपाय आणि उडत्या खुर्चीत बसलेला अहंकार. स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी १९६७ साली मार्व्हलच्या चित्रकथांत त्याला जन्म दिला. जॉर्डन ब्लम व पॅटन ऑसवॉल्ट यांच्या मालिकेत तो ‘ए. आय. एम.’ या दुष्ट वैज्ञानिकांच्या संस्थेचा प्रमुख आहे. न्यू जर्सीत घर, बायको, दोन मुले. जग जिंकण्याच्या खर्चापायी संस्था बुडते आणि ‘ग्रम्बल’ नावाची तंत्रज्ञान कंपनी ती विकत घेते. ज्याने जगाला कापरे भरवायचे, त्याला आपल्याच कचेरीत नव्या साहेबांची मर्जी राखावी लागते. इकडे संसारही मोडकळीस येतो. दहा भागांतले उत्तम हसू याच अवहेलनेतून येते. रक्तपाताचे विनोद मात्र लवकरच कंटाळवाणे होतात.

पण या विनोदामागे दुसरा एक व्यवहार आहे. खुद्द मार्व्हलने १९९६ साली दिवाळे जाहीर केले होते. पुढे २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलरना ती कंपनी घेतली. २०१९ पासून हुलूचा कारभारही डिस्नेच्याच हाती आला. म्हणजे विकत घेतल्या गेलेल्याची थट्टा विकत घेणाऱ्याच्याच घरी झाली!

आणि कर्बी? तो पानामागे ठरलेल्या दराने चित्रे काढणारा. १९९४ साली तो वारला. १९५८ ते १९६३ मधील त्याच्या कामावर वारसांनी हक्क सांगितला, तेव्हा २०११ व २०१३ साली न्यायालयांनी तो नाकारला: काम कंपनीच्या सांगण्यावरून व तिच्याच खर्चाने झाले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारी पोहोचल्यावर २०१४ मध्ये तडजोड झाली.

नफा हा जोखमीचा मोबदला, असे आम्ही वर्गात शिकवतो. कायम नोकरी नसलेल्या, पानांवर पोट असलेल्या चित्रकाराने कोणतीच जोखीम पत्करली नव्हती, असे मानणे मला तरी जड जाते. भांडवल बुडाले तर दिवाळ्याचा कायदा धावून येतो. उमेदीची वर्षे बुडाली तर कोणता कायदा धावतो? मालिकेलाही मालकाचा अपमान जितका कळतो, तितकी पिवळ्या गणवेशातल्या नोकरांची चिंता कळत नाही.

एका पर्वानंतर, २०२२ मध्ये, मालिका बंद करण्यात आली. मोडॉक कंपनीच्या मालमत्तेत राहिलाच. २०२३ च्या ‘अँट-मॅन’ चित्रपटात त्याला नवा चेहरा देऊन पुन्हा कामाला जुंपण्यात आले.