नाव बाळकुमचे, पत्ता ‘ठाणे पश्चिम’चा

ठाणे हे नाव ‘स्थानक’ या शब्दावरून आले. शिलाहारांच्या ताम्रपटांत या राजधानीचा उल्लेख ‘श्रीस्थानक’ असा आहे. पुढे पोर्तुगीजांनी त्याचे ‘ताना’ केले, इंग्रजांनी ‘ठाणा’. मराठी माणसाच्या तोंडी मात्र ते ठाणेच राहिले. राजधानीच्या नावाला ताम्रपटाचा आधार लाभला. तिच्याच कुशीतील बाळकुमसारख्या गावांना मात्र सातबारा आणि लोकांची जीभ एवढेच आधार उरले आहेत.

भिवंडीच्या वाटेवरचे, खाडीलगतचे बाळकुम हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव. १९८२ साली महापालिका स्थापन झाली आणि अशी अनेक गावे शहरात विरघळली. भोवती इंग्रजी नावांची उंच गृहसंकुले उभी राहिली. त्यांच्या जाहिरातींत पत्ता ‘ठाणे पश्चिम’ असा मिरवतो. पूर्व-पश्चिम ही विभागणी १८५३ साली आलेल्या रेल्वेची. स्थानकापासून दूर असलेल्या गावावरही तिनेच आपले नाव चिकटवले.

रोजच्या व्यवहाराचे गणित मात्र वेगळे असते. रिक्षावाल्याला ‘बाळकुम नाका’ सांगावे लागते, टपाल ‘बाळकुम पाडा’ या खुणेने पोहोचते. जकात २०१३ मध्ये गेली, तरी ‘नाका’ हा शब्द गेला नाही.

नावे बाजारासाठी घडवण्याचा हा सोस केवळ आपलाच नाही. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात एका खेड्याला १८६०च्या दशकात, पर्यटकांचे कुतूहल जागवण्यासाठी, ५८ अक्षरांचे नाव जोडण्यात आले. रेल्वे स्थानकाच्या पाटीमुळे ते जगप्रसिद्ध झाले. गावकरी मात्र आजही ‘लॅनव्हेअरपूल’ एवढेच म्हणतात. पाटी पर्यटकांची, नाव गावाचे.

तिथे नव्या नावाने निदान जुने नाव पोटात तरी ठेवले. इथे ते पुसलेच जाण्याचा धोका आहे. म्हणूनच ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५च्या आराखड्यात ‘बाळकुम नाका’ हे स्थानक असणे महत्त्वाचे ठरते. उद्या त्या पाटीवर एखाद्या संकुलाचे नाव जोडण्याची मागणी झाली, तर ती निव्वळ सोयीची बाब मानता येणार नाही. ज्यांच्या शेतांवर आणि खाडीवर हे शहर वाढले, त्यांच्या वाट्याला बहुधा गावाचे नाव तेवढेच उरते. ते जपण्यास महापालिकेला खर्च येत नाही. फक्त पाटी लिहिताना गावाची आठवण ठेवावी लागते.