वाळू सर्वांची, पहारा कोणाचा?

नागपूर : श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा पारनाका या महाराष्ट्रातील पाच किनाऱ्यांना २०२५ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्याच वर्षी ५ जून रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि ७०१ किलोमीटरच्या सलग रस्त्याने नागपूर समुद्राच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचले. या दोन घटनांचा वरकरणी एकमेकींशी संबंध नाही. एक पर्यावरण खात्याची, दुसरी रस्ते विकासाची. परंतु सकाळी नागपुरातून निघालेले कुटुंब मुंबईच्या वेशीवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीवर्धनच्या वाळूत उभे राहू शकते, तेव्हा हा संबंध स्पष्ट होतो. किनारे सज्ज होत आहेत आणि ज्यांच्या पिढ्यांना समुद्राची सवय नाही असा पर्यटक तेथे अधिक सहजतेने पोहोचत आहे. त्या पर्यटकाची काळजी कोण घेणार, हा प्रश्न मात्र दोन्ही सोहळ्यांत कोणी फारसा विचारला नाही.

‘ब्लू फ्लॅग’ची सुरुवात फ्रान्समध्ये १९८५ साली झाली. कोपनहेगन येथे मुख्यालय असलेली पर्यावरण शिक्षणविषयक संस्था हे मानांकन देते. पाण्याची गुणवत्ता, पर्यावरण व्यवस्थापन, लोकशिक्षण आणि सुरक्षितता व सुविधा अशा चार गटांत मिळून ३३ निकष आहेत आणि मान्यता एका हंगामापुरतीच असते. दरवर्षी ती नव्याने मिळवावी लागते. भारतातील आठ किनाऱ्यांना हा झेंडा प्रथम २०२० मध्ये मिळाला. गुजरातचे शिवराजपूर, पुरीचा ‘गोल्डन बीच’, कर्नाटकातील कासरकोड व पदुबिद्री ही त्यातील काही नावे. लांबलचक किनारा लाभलेल्या महाराष्ट्राचे त्यात एकही नाव नव्हते. ती नामुष्की आता दूर झाली, हे आनंदाचेच आहे. श्रीवर्धनसारख्या गावाच्या दृष्टीने तर हा आनंद विशेष आहे. पेशव्यांचे मूळ गाव असलेल्या या शहराच्या नारळी-पोफळीच्या वाड्या ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने उद्ध्वस्त केल्या होत्या. बाग पुन्हा उभी राहण्यास वर्षे लागतात; तोवर गावाला पर्यटनाचाच आधार.

मात्र झेंडा किनाऱ्याच्या एका आखलेल्या पट्ट्याला मिळतो, संपूर्ण तालुक्याच्या किनाऱ्याला नव्हे. शिवाय सुरक्षिततेच्या निकषाचा रोख पुरेसे जीवरक्षक किंवा जीवरक्षणाची साधने यांच्या उपलब्धतेवर आहे. त्यातील ‘किंवा’ हा शब्द युरोपात फारसा घातक ठरत नसेल. कोकणात तो ठरू शकतो. खांबाला अडकवलेली रबरी कडी बुडणाऱ्या माणसाकडे आपल्या पायांनी चालत जात नाही.

विदर्भातील माणसाची पाण्याशी ओळख तलावाची आहे. भोसले राजवटीत बांधलेला फुटाळा तलाव ही नागपूरकरांची चौपाटी. तेथे काठावर उभे राहून भुट्टा खायचा, सूर्यास्त पाहायचा आणि घरी परतायचे. त्याच फुटाळ्यावरील संगीत कारंजे आणि प्रेक्षागॅलरीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तलाव मानवनिर्मित असल्याने २०१७ च्या पाणथळ नियमांच्या कक्षेत तो येत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. काठावर बसण्याची जागा हवी, ही या शहराची हौस जुनी आहे. पण तलावाचे पाणी आज जेथे असते तेथेच उद्या असते. त्यातही ते निरुपद्रवी नाही. वाकीजवळचा कन्हान नदीचा डोह किंवा हिंगण्याकडील मोहगाव झिल्पी तलाव ही नावे नागपूरकरांना दुर्दैवाने सहलींइतकीच बुडण्याच्या बातम्यांमुळेही ठाऊक आहेत. समुद्र तर दिवसातून दोनदा पुढे येतो, दोनदा मागे जातो आणि रोज साधारण पाऊण तासाने आपली वेळ बदलतो.

किनारपट्टीवरील कोळ्याला यासाठी पुस्तक लागत नाही. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा मुंबई-कोकणातील जुना हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. हे अनुमान मिनिटाच्या हिशेबाने अचूक नाही, पण सहलीला पुरेसे आहे. विदर्भातही घरोघरी भिंतीवर तिथी दाखविणारे पंचांगाचे कॅलेंडर असतेच. चतुर्थीला गणपतीपुळ्याला गेलेले भाविक दर्शन आटोपून चार-पाचच्या सुमारास पाण्यात उतरतात, तेव्हा समुद्र मागे सरकत असतो आणि पायाखालची वाळूही सोबत नेत असतो, हे त्या कॅलेंडरवरूनच समजले असते. उपवासाचा दिवस ज्या कागदावर पाहिला जातो, त्याच कागदावर धोक्याची वेळही लिहिलेली आहे. ती वाचण्याची रीत तेवढी घाटाच्या अलीकडे आलेली नाही.

भरती-ओहोटीपेक्षाही अधिक फसवा असतो तो परतीचा प्रवाह. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत परतते. तेवढ्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत आणि मुलांना खेळण्यास योग्य वाटते. त्यात सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो, दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर काही अंतर गेल्यास हा प्रवाह सोडून देतो, ही माहिती एका वाक्याची आहे. ती कोकणातील पोराला असते, यवतमाळच्या इंजिनीअरला नसते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील चौदा विद्यार्थी-विद्यार्थिनींचा अंत झाला. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या सहलीतील आठ जण गेले. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातील मुर्डेश्वर येथे कोलार जिल्ह्यातून आलेल्या चार शाळकरी मुली बुडाल्या. पुणे, बेळगाव, कोलार ही सर्व समुद्रापासून दूरची, घाटावरची गावे. मुरूडच्या घटनेनंतर शैक्षणिक सहलींवर निर्बंध घालणारी परिपत्रके निघाली, हमीपत्रे भरून घेतली जाऊ लागली. हमीपत्राने जबाबदारी सरकते, लाट सरकत नाही. मुले समुद्रावर जाणारच. त्यांना न जाऊ देणे हा उपाय असेल, तर समृद्धी महामार्ग बांधण्याचे प्रयोजन अर्धेच उरते.

या बाबतीत शेजारच्या गोव्याने वेगळी वाट धरली. तेथील सरकारने २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक सेवा नेमली. टेहळणीचे मनोरे, लाल-पिवळे झेंडे, पाण्यातील वाहने आणि ठरलेल्या वेळेतील गस्त ही तेव्हापासून गोव्याच्या किनाऱ्याची ओळख झाली. खर्च सरकारी तिजोरीतून होतो आणि किनारा सर्वांना विनाशुल्क खुला राहतो. मुंबईत गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई येथे महापालिका जीवरक्षक ठेवते; पालिकेचे उत्पन्न पाहता तिला ते परवडते. कोकणातील नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत मात्र वाहनतळाच्या पावत्यांतून आणि स्वच्छता करातून चार-दोन स्थानिक तरुणांना तुटपुंज्या मानधनावर उभे करते. ते तरुण जीव धोक्यात घालतात, अनेकांना वाचवतात, आणि हंगाम संपला की त्यांचे मानधनही संपते. किनाऱ्याची मालकी सरकारची, परवानग्या मेरीटाइम बोर्डाच्या, पर्यटनाची जाहिरात महामंडळाची, बंदीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा आणि पहारा ग्रामपंचायतीचा, अशी ही विभागणी आहे. यातील सर्वांत गरीब घटकाकडे सर्वांत महाग काम आले आहे.

हेच काम पैसे घेऊन करण्याची तिसरी रीत इटलीत दिसते. दक्षिण इटलीच्या पुलिया प्रांतात गाल्लीपोली नावाचे जुने बंदर आहे. त्याच्या तटबंदीच्या पायथ्याशी अर्धचंद्राकार वाळूचा छोटा किनारा आहे. गावातील माणसे घरातून टॉवेल घेऊन तेथे उतरतात. कायद्याने किनारा राष्ट्राच्या मालकीचा आहे. पण त्या देशातील बऱ्याच किनाऱ्यांवर वाळूचे पट्टे खासगी चालकांना भाड्याने दिलेले असतात. छत्री आणि खुर्ची यांचे दिवसाचे भाडे द्यायचे, पाण्याजवळच्या रांगेला अधिक. ‘लेगाम्बिएन्ते’ या तेथील पर्यावरण संघटनेच्या अंदाजानुसार वाळूच्या किनाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के भाग अशा चालकांकडे आहे. ऑगस्टच्या मध्यावर, सारा देश सुटीवर असताना, मोफत वाळूसाठी पहाटेपासून जागा धरावी लागते. मात्र या चालकाला हंगामात प्रशिक्षित जीवरक्षक ठेवावाच लागतो. मोफत पट्ट्यावर रक्षक नसेल, तर तशी स्पष्ट पाटी लावणे हे नगरपालिकेचे कर्तव्य असते. इटलीतील दोनशेहून अधिक नगरपालिकांकडे निळा झेंडा आहे, त्यामागे ही शिस्तही आहे.

पण त्या शिस्तीची किंमत इटलीला आता कळत आहे. एकदा दिलेले भाडेपट्टे आपोआप वाढत गेले आणि कुटुंबांच्या वारशासारखे झाले. युरोपीय संघाच्या २००६ च्या सेवाविषयक निर्देशानुसार त्यांचे खुले लिलाव व्हायला हवे होते. युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये ही आपोआप मुदतवाढ बेकायदा ठरविली, इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२१ मध्ये २०२३ अखेरची मर्यादा घातली, तरी सरकारने २०२४ मध्ये अध्यादेश काढून ती सप्टेंबर २०२७ पर्यंत लांबविली. एकदा वाटलेली वाळू परत मागणे किती अवघड असते, याचा हा नमुना आहे. पुलियाने मात्र आपल्या प्रांतिक कायद्याने प्रत्येक गावातील किमान ६० टक्के किनारा लोकांसाठी राखून ठेवला, हे नोंद घेण्याजोगे.

महाराष्ट्राला ही बाब परकी वाटण्याचे कारण नाही. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२० मध्ये किनाऱ्यांवर पर्यटनकुट्या उभारण्याचे धोरण मंजूर केले, त्यात गुहागर, आरे-वारे, केळवा, बोर्डी, वरसोली, दिवेआगर, कुणकेश्वर आणि तारकर्ली या आठ किनाऱ्यांचा समावेश होता. स्थानिकांना प्राधान्य देण्याचे तत्त्व त्यात होते आणि ते योग्यच. परंतु कुटीचालकाने भाड्याच्या बदल्यात समोरच्या पाण्यावर पहाराही ठेवावा, आणि गावाच्या किनाऱ्याचा अमुक हिस्सा कायम मोकळा राहावा, या दोन अटी आधी लिहून ठेवाव्या लागतील. धंदा उभा राहिल्यावर त्या घालता येत नाहीत. इटलीला त्या घालताना दोन दशके लागली आणि प्रकरण अद्याप मिटलेले नाही.

यापेक्षा स्वस्त असे काही आज करता येण्याजोगे आहे. नागपूर-मडगावसारख्या गाड्यांतून, एसटीच्या बसस्थानकांवर आणि समृद्धीवरील थांब्यांवर मराठीत भरतीची वेळ आणि परतीच्या प्रवाहाची एक चित्रमय सूचना लावण्यास धोरणाची गरज नाही. किनाऱ्यावर रोज बदलणारा, खडूने लिहिलेला फळा शाळेतील कोणीही लावू शकेल. जीवरक्षकांचा खर्च मात्र फळ्याने भागणार नाही. तो राज्याने उचलावा की जिल्हा नियोजन समितीने, याचा निर्णय व्हावा लागेल. आणि तो झेंडा मिळालेल्या पाच पट्ट्यांपुरता न राहता हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली येथेही लागू व्हावा लागेल. नाताळच्या आठवड्यात नागपूर पासिंगच्या गाड्या त्या गावांतही तेवढ्याच संख्येने उभ्या असतात.