मनमाडच्या पुढचे तीनशे किलोमीटर

मा. हरदीपसिंग पुरी,
पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री, भारत सरकार



परभणीचे पेट्रोल महाग का, हे आपल्या खात्याला नव्याने सांगायला नको. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबई नव्वदीच्या आत होती, तेव्हाच परभणीने नव्वदी गाठली. फेब्रुवारी 2021 मध्ये इथे प्रीमियम पेट्रोल शंभरीपार गेले. जुलै 2021 पासून खाते आपल्याकडे आहे आणि परभणीचा दर अजूनही मुंबईपेक्षा लिटरमागे तीन रुपयांहून जास्त आहे.

कराचे कारण आता देऊ नका. जुलै 2024 मध्ये मुंबई-ठाण्याचा पेट्रोलवरचा व्हॅट 26 वरून 25 टक्के झाला, म्हणजे आमच्याइतकाच. फरक उरतो वाहतुकीचा. मुंबईहून मनमाडपर्यंत तेल पाईपलाईनने येते. तिथून पुढचे तीनशे किलोमीटर टँकरने. 12,000 लिटरच्या एका टँकरमागे तीन रुपयांनी 36,000 रुपये होतात. ते कोण भरतो? कॅन घेऊन पंपावर उभा असलेला आमच्या चुडाव्याचा शेतकरी. इंधन चढले की नांगरटीचा एकरी भाव चढतो, मोंढ्यात सोयाबीन नेणाऱ्या टेम्पोचे भाडेही चढते.

ऑक्टोबर 2024 मध्ये डेपोपासून लांबच्या भागांसाठी वाहतूक खर्चाची फेरमांडणी झाल्याचे आपणच जाहीर केले. ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात काही ठिकाणी पेट्रोल चार रुपयांहून अधिक उतरले. म्हणजे उपाय आहे. महाराष्ट्रात तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता होती, म्हणून इथे ती फेरमांडणी लागू झाली नाही. आचारसंहिता महिन्याभरात संपली. मग परभणीचे काय?

आपण 1974 च्या तुकडीचे परराष्ट्र सेवेतले अधिकारी. ब्राझीलमध्ये राजदूत होतात, जिनिव्हा आणि न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत भारताची बाजू मांडलीत, ऑगस्ट 2011 मध्ये सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद सांभाळलेत. युक्रेन युद्धानंतर रशियाचे तेल घेण्यावरून परदेशी पत्रकारांनी जाब विचारला, तेव्हा भारतीय ग्राहकाचे हित पहिले, हे आपण ठामपणे सांगितलेत. आम्हाला त्याचा अभिमान वाटला. चुडाव्याचा माणूसही भारतीय ग्राहकच आहे.

मनमाडचा लोहमार्ग परभणी, पूर्णा करत चुडाव्यावरूनच नांदेडला जातो. परभणी-मुदखेड दुपदरीकरणही झाले. रेल्वे वाघिणींनी तेल आणा आणि पूर्णा जंक्शनला डेपो करा. तोवर मलकानगिरीला दिलेला न्याय परभणीला द्या. निवेदने खूप झाली, आश्वासनेही झाली. आता पंपावरच्या फलकावर बदललेला दर दिसला पाहिजे.

आपला,
एक शेतकरी
चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी