एक रेणू पकडला, पुढे काय?

ग्राफीनचा सेन्सर वायूचा एक सुटा रेणूदेखील ओळखतो, हे वाक्य विज्ञानवार्तांत आणि संशोधन-प्रस्तावांच्या पहिल्या परिच्छेदात हटकून भेटतं. वाक्य खरं आहे. 2007 साली मँचेस्टर विद्यापीठात शेडिन, नोव्होसेलोव्ह, गाइम आणि मंडळींनी ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड, पापुद्र्यावर नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू बसला की उठला, हे विद्युतरोधातल्या बारीक पायऱ्यांवरून दाखवून दिलं. हरकत आहे ती या वाक्याला जोडून येणाऱ्या 'म्हणून'ला: म्हणून आता घरातली गॅसगळती, शहराचं प्रदूषण, गटारातला विषारी वायू, सगळ्यांवर कार्बनचा हा स्वस्त सेन्सर इलाज ठरणार.

पूर्वपक्ष दुबळा मांडून खोडण्यात मौज नाही, तेव्हा त्याचं बळ आधी सांगतो. बाजारात मिळणाऱ्या घरगुती गॅस अलार्ममध्ये बहुधा टिन ऑक्साइडचा सेन्सर असतो. या जातीच्या सेन्सरचं पेटंट नाओयोशी तागुची या जपानी संशोधकाने 1962 मध्ये नोंदवलं. तो दोनशे ते चारशे अंशांपर्यंत तापता ठेवावा लागतो, म्हणजे वीज सतत खर्च. कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे ग्राफीनच्याच पापुद्र्याची गुंडाळलेली अतिसूक्ष्म नळी, मात्र खोलीच्या तापमानालाच काम करते. एकपदरी नळीचा प्रत्येक अणू पृष्ठभागावर असतो. वायूचा रेणू चिकटला, इलेक्ट्रॉनची थोडी देवघेव झाली, की नळीतला प्रवाह बदलतो. स्टॅनफर्डमध्ये होंगजी दाय यांच्या गटाने 2000 साली हे दाखवलं. 200 पीपीएम नायट्रोजन डायऑक्साइड सोडताच काही सेकंदांत नळीची वाहकता हजारपटीपर्यंत वाढली. असा आकडा पाहून कुणीही हुरळून जाईल.

पण त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. वायू बंद केल्यावर नळी पूर्वपदावर यायला सुमारे बारा तास लागले. घाई असेल तर ती 200 अंशांना तासभर तापवायची. ज्या हीटरपासून सुटका झाली म्हणून आनंद केला, तो असा मागच्या दाराने घरात येतो. मँचेस्टरच्या ग्राफीनलाही प्रयोगाआधी निर्वातात 150 अंशांना भाजून स्वच्छ करावं लागलं होतं. बर्कलीत झेट्ल यांच्या गटाने 2000 सालीच दाखवलं की साध्या हवेतल्या ऑक्सिजननेसुद्धा नॅनोट्यूबचे विद्युतगुण बदलतात. आणि 2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तर गंमतच उघडकीला आणली. सर्किट कोरताना वापरलेल्या रेझिस्टचा जेमतेम नॅनोमीटरभर थर ग्राफीनवर तसाच राहून जातो. तो काढून टाकल्यावर सेन्सरचा प्रतिसाद पार घसरला. वाफ ओढून घेत होता तो खरकटा थर, श्रेय मात्र ग्राफीनच्या खात्यावर जमा होत होतं!

सगळ्यात मोठा वैरी पाणी. जुलैतली मुंबईची हवा घ्या: 30 अंश, आर्द्रता 80 टक्के. या हवेत पाण्याच्या वाफेचं प्रमाण सुमारे 33,000 पीपीएम भरतं. नायट्रोजन डायऑक्साइडची आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा 80 मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर, म्हणजे साधारण 0.04 पीपीएम. हिशेब केला तर ज्या एका रेणूचा शोध घ्यायचा, त्याच्याभोवती पाण्याचे आठ लाख रेणू. कार्बनची नुसती नळी ही दारावरच्या घंटेसारखी आहे. घंटा वाजते, पण पाहुणा आला की पोरं खोड्या काढून पळाली, ते आतल्याला कळत नाही.

प्रयोगशाळेत हे का जाणवत नाही, ते तिथलं टेबल पाहिल्यावर समजतं. मायक्रोपिपेटने काळ्या द्रावाचा एक थेंब इलेक्ट्रोडच्या गुंतलेल्या बोटांवर सोडतात, दिव्याखाली वाळवतात, स्टीलच्या डब्यात बंद करून कोरडा नायट्रोजन फिरवतात. मग सिरिंजने एकच एक वायू आत. आलेख झपकन वर चढतो आणि थिसिसमधलं प्रकरण तयार होतं. झाकण उघडून पावसाळी हवा आत येऊ दिली, की बेसलाइन सरकायला लागते. हा आलेख छापणारेही आहेत, पण प्रसिद्धिपत्रकात तो कधी पाहिलात?

गटाराचा मुद्दा अधिक गंभीर. सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या पुढे गेला की नाक बधिर होतं. वास गेला म्हणून वायू गेला असं वाटून माणूस आणखी खाली उतरतो. पण ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे चारही एकदम मोजणारे हातातले मीटर केव्हापासून बाजारात आहेत. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदाही 2013 पासून आहे. तरी माणसं मरतात, कारण मीटर खाली सोडला जात नाही आणि माणूस सोडला जातो. या मृत्यूंचा दाखला देऊन नॅनोट्यूबसाठी निधी मागणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

एवढं वाचून दुसऱ्या टोकाचे लोक खूश होतील. 'पंचवीस वर्षं नुसते पेपर, हाती काही नाही,' असं म्हणणारे आमच्याकडेही थोडे नाहीत. त्यांचंही म्हणणं मला मान्य नाही. चूक पदार्थाची नाही, त्याला नेमून दिलेल्या कामाची आहे. एमआयटीतल्या टिमथी स्वॅगर यांच्या गटाने ते ओळखलं. नॅनोट्यूबची पूड दाबून त्यांनी पेन्सिलीचं शिसं बनवलं. पुढे 2014 मध्ये साध्या एनएफसी टॅगच्या सर्किटला भोक पाडून तो तुटलेला दुवा याच पेन्सिलीच्या रेघेने जोडला. अमोनिया लागला की रेघेचा रोध बदलतो आणि फोनला टॅग वाचता येतो की नाही यावरून वायू कळतो. टॅगमध्ये ना बॅटरी, ना हीटर. काम झालं की फेकून द्या. टाकाऊ टॅगने बारा तासांत पूर्ववत व्हावं, असा आग्रह कुणी धरत नाही.

याच गटाने नळीवर असं वेष्टण चढवलं की विशिष्ट विषारी वायू लागताच ते सुटून जातं आणि खूण कायमची राहते. कामगाराच्या खिशाला लावायचा बिल्ला म्हणून नेमका हाच गुण हवा: दिवसभरात विष लागलं की नाही, एवढंच त्याने सांगायचं. फळं पिकताना सुटणाऱ्या इथिलीनसाठी त्यांनी 2012 मध्ये नळ्यांबरोबर तांब्याचं संयुग वापरलं. पाहुणा कोण, हे त्या तांब्यामुळे कळतं. नळी फक्त निरोप पोचवते. केळी आणि आंबा पिकवण्याची चेंबर आपल्याकडे गावोगाव झाली आहेत. तिथली हवा दमट असते, त्यामुळे कसोटी कडक लागेल. पण काम एकच, वायू माहीत असलेला आणि चूक झाली तर कुणाचा जीव जात नाही. सुरुवात करायला याहून बरी जागा नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत वायू सेन्सरवर पीएचडी करणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्या गाइडांना आणि परीक्षकांना माझी विनंती आहे: 80 टक्के आर्द्रतेतला, तीन-चार वायूंच्या मिश्रणातला आणि सहा महिन्यांनंतरचा असे तीन आलेख असल्याशिवाय थिसिसवर सही करू नका.