अक्षराची शिदोरी

कुलवृत्तान्त सिद्ध करण्याचा उद्योग आतां अनेक घरांत संगणकावर चालतो. जळगांवचे वडील बंधु वंशावळ जुळवितात, धुळ्याचे चुलते ती तपासतात. परंतु जळगांवीं नीटनेटकें दिसणारें पान धुळ्यास उघडतांच ओळी सरकतात, पिढ्यांचे रकाने मोडतात. किंवा मराठी नाहींसें होऊन निरर्थक रोमन अक्षरें तेवढीं दिसतात. हे दोन निरनिराळे रोग आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

पहिल्या रोगांत मजकूर शाबूत असतो. अक्षराचा साचा, म्हणजे फॉन्ट, तेवढा घरीं राहतो, आणि समोरचा संगणक आपल्या पदरचा साचा लावतो. यास्तव वर्डमध्यें फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या क्रमानें जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ येथें खूण करावी; म्हणजे साचा शिदोरीप्रमाणें सोबत जातो. वापरलेलींच अक्षरें बांधण्याची सोयहि तेथें आहे. तिनें फाइल हलकी होते. पण चुलत्यांस दुरुस्ती करावयाची असल्यास ती खूण करूं नये. कांहीं फॉन्टांस असें सोबत नेण्याची परवानगी नसते. ते बांधले जात नाहींत. केवळ वाचावयाचें असल्यास पीडीएफ धाडावी.

दुसरा रोग खोल आहे. युनिकोडपूर्वीच्या बहुतेक फॉन्टांत मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेलीं असत. शिदोरी दिली तरी आंत मराठीचें केवळ सोंग असतें. फॉन्ट हरवला कीं सोंग उतरतें. देवनागरीस स्वतःचे संकेत युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तींतच मिळाले आहेत. म्हणून जुना मजकूर परिवर्तकानें युनिकोडमध्यें आणावा, आणि र्‍हस्व वेलांटी व रफार डोळ्यांत तेल घालून तपासावे. जुन्या पद्धतींत त्यांचा क्रम उच्चाराप्रमाणें नसून दिसण्याप्रमाणें असे. त्यामुळें चूक बहुधा तेथेंच होते.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें जुनीं कागदपत्रें जपून आहे. मोडी वाचणारे आज थोडे असले, तरी मोडी शिकतां येते. हरवलेल्या फॉन्टाची शाळा आमच्या पाहण्यांत नाहीं. कोणत्या पणजीचें माहेरचें नांव काय, हें सांगणारीं वडील माणसें घरांत आहेत तोंवरच हें काम उरकावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.